वाकडा टिपका

भाजलेल्या मनगटावर गिरजाक्कांच्याच पेशींपासून वाढवलेली नवी कातडी बसवली होती. ती तान्ह्या बाळासारखी कोरी होती. तिच्यावर हवी ती नक्षी उमटवून देणं हे केतकीचं काम. तिने पडद्यावर जपानी लाटा दाखवल्या, न्यूझीलंडच्या माओरींचे वळसे दाखवले, जलरंगातली फुलं दाखवली.

“माझी तुळस दे, पोरी,” आक्का म्हणाल्या.

मनगटाच्या जुन्या फोटोवरून यंत्राने पडद्यावर तुळशीचं गोंदण काढलं. आक्कांनी नकारार्थी मान हलवली.

“शेवटचा टिपका वाकडा होता. गोंदताना मी रडू नये म्हणून बहिणीने मला हसवलं, आणि माझा हात हलला. ती गेली. तिचं तेवढंच माझ्यापाशी राहिलं होतं.”

केतकीने तीनदा सांगूनही यंत्राने टिपका सरळच केला. चूक दिसली की सुधारायची, एवढंच त्याला शिकवलेलं.

शेवटी तिने बाकीची तुळस यंत्राकडून उमटवून घेतली, ते बंद केलं आणि स्वतः सुई उचलली.

“आक्का, बहीण काय म्हणाली होती हो तेव्हा?”

आक्का सांगू लागल्या. वाक्य पुरं व्हायच्या आतच दोघी खळखळून हसल्या, आणि सुई घसरली.