दोडक्याची तहान

“अगं, पाणी दे की थोडं.”

दोडक्याच्या वेलीतून गेनबाचा आवाज आला, तशी सोनाबाई लगबगीनं जवळ जाऊन बसली. पाणी मात्र तिनं घातलं नाही.

गेनबाला जाऊन महिना होत आला होता. वेलीत रोवलेल्या यंत्रात त्यानंच हौसेनं आपला आवाज भरला होता. वेल तहानली की यंत्र बोलायचं. बुंध्याशी पुरलेल्या मडक्यात पाणी ओतलं, वेल प्यायली, की गप्प व्हायचं. उन्हाळ्यात घराला दिवसाला एकच जादा कळशी मिळे, म्हणून वेल मागेल तेव्हाच तिला पाणी.

सून रेवती परसात आली नि थबकली.

“आत्या, कळशी भरलेली, आणि वेल वाळून चालली! पाणी का नाही घातलं?”

“घातलं की ते बोलायचे थांबतात गं.”

रेवतीनं कळशी उचलून तिच्यापुढं ठेवली. तशी सोनाबाई उठली. अख्खी कळशी तिनं मडक्यात रिती केली. “घ्या, प्या पोटभर.”

उन्हं कलली. माती ओली झाली, पण वेलीची मुळं कधीच मेली होती.

“अगं, पाणी दे की थोडं.”

“दिलं हो, सगळं दिलं,” सोनाबाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली.