मोठ्या आजीचे पाय

रविवारी चर्चमधून घरी आलं की आजी नातीच्या हाती गरम पाण्याची बादली आणि नेलकटर द्यायची आणि तिला वरच्या मजल्यावर पिटाळायची. तिथे आजीची थोरली जाऊ अंथरुणाला खिळलेली होती. तिचे पाय धुवायचे, नखं कापायची. पोरीच्या अंगी माया यायची तर ती हाताने काम करूनच येते, असं आजीचं ठाम मत.

या रविवारी नात हटून बसली. “मी नाही जाणार. मोठी आजी घाणेरड्या शिव्या देते.”

“देऊ दे की! येशूने दगा देणाऱ्याचेसुद्धा पाय धुतले. शिव्यांनी तुझ्या काय अंगाला भोकं पडतात? ऊठ!”

“मग तू का येत नाहीस?”

“वीस वर्षं झाली, मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. पाहणारही नाही.”

“तरीच! सगळ्या शिव्या तुझ्या नावाने असतात. मी आपली तुझ्या वाटच्या ऐकून घेते.”

आजीने बाह्या वर सारल्या, बादली उचलली आणि जिना चढायला लागली.

“बघत काय बसलीस? चल माझ्या मागे,” ती दरडावली. “आणि तिथे माझी जीभ सुटली, तर मला चिमटा काढ. चांगला जोरात काढ.”