गळ्यातला गरुड

चित्र जवळजवळ पुरं झालं होतं. नऊ दिवस स्वतःच्या अंगणात चिंचेखाली ताठ बसून राहिलेली ओब्दुलियाबाई आज पहिल्यांदाच उठून ते बघायला आली. हुचितानच्या बाजारात सुकी कोळंबी विकणारी ही बाई. तिच्याशी घासाघीस करायला भलेभले कचरतात. आता राजधानीत, मंत्रालयाच्या जिन्यासमोर तिचं चित्र लागणार होतं आणि खाली एकच शब्द असणार होता, ‘मेक्सिको’.

भरतकामाचं मखमली पोलकं, वेणीतली फुलं, सगळं जागच्या जागी होतं. तिची नजर गळ्यावर अडली.

“हा गरुड माझा नाही, मास्तर.”

तिच्या माळेत सोन्याची अकरा नाणी होती. चित्रातल्या प्रत्येक नाण्यावर निवडुंगावर बसलेला, चोचीत साप धरलेला, मेक्सिकोच्या झेंड्यावरचा गरुड होता.

“बाई, तुमची नाणी अमेरिकेची आहेत,” चित्रकार रिगोबेर्तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “देशाचं चित्र, आणि गळ्यात परक्यांचा गरुड? मंत्रीसाहेब माझी सालटी काढतील. मी फक्त पक्षी बदललाय.”

“फक्त म्हणे,” चुलीपाशी बसलेली लेक क्रिसांता म्हणाली. “उद्या आईच बदलाल.”

ओब्दुलियाबाई हसली नाही. “गोरे आले होते इथे रेल्वे बांधायला. माझी आजी रुळांपाशी भाजलेली मासळी घेऊन बसायची. ते तिच्यापुढे रांग लावायचे. तिला त्यांची भाषा येत नव्हती, पण भाव ती सांगेल तोच. ही अकराच्या अकरा तिची कमाई. ती तुम्ही पुसलीत.”

“पण बघणाऱ्याला हे कसं कळणार?”

“नाही कळलं तर नाही कळलं. माझी माळ आहे तशी रंगवायची नसेल, तर दुसरी बाई बघा. हा चेहरा मी देणार नाही.”

शनिवारी चित्र राजधानीच्या गाडीत चढायला हवं होतं. रिगोबेर्तोने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. नऊ दिवस तो हिची ऐट रंगवत होता, आणि ती ऐट कुठून आली हे त्याने विचारलंही नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. सुरी घेऊन तो पहिलं नाणं खरवडू लागला.

“मंत्र्यांनी विचारलं, मेक्सिकोच्या गळ्यात तिकडचा गरुड कसा आला, तर काय सांगू?”

ओब्दुलियाबाई खुर्चीत जाऊन बसली. पाठ ताठ केली, माळ सारखी केली.

“सांगा, भूक लागली होती त्याला.”