मधली जागा

बस दिगंबर, माझ्या शेवटच्या मॅचची गोष्ट सांगतो. देशाची रग्बी टीम नवीन होती, मी स्क्रममध्ये मधला. तिथं दोन्हीकडचे गडी डोकी भिडवून रेड्यांसारखे रेटतात. मधल्याचे हात शेजाऱ्यांच्या गळ्यात. पडला तर टेकायला हात नाही.

स्क्रम कोसळला. मान कट्कन वाजली, पायच कळेनात. समोरचा परदेशी गडी माझं डोकं धरून बसला, कुणाला हलवू देईना. म्हणून आज चालतोय.

काल आमची रेवती म्हणाली, "बाबा, उद्याच्या मॅचला मला मधली जागा दिलीय. घाबरलात ना?"

"हट्, मी कशाला घाबरतोय?" म्हटलं, अन् हात मानेवर गेला.

तुला रग्बीतलं ओ की ठो कळत नाही. तरी आज माझ्याशेजारी बस. स्क्रम लागला की मी डोळे मिटणार. ती उभी राहिली की सांग.