मेडशीचं हळदीकुंकू

कॅन्सरमधून उठलेली योगिनी दुसऱ्या पेशंटांच्या औषधपाण्यासाठी गावोगावच्या हळदीकुंकवात पदर पसरायची. कीमोत केस कसे गळाले, घोटभर पाणीही कसं जहर लागायचं, हे ती असं रंगवून सांगायची की बायांचे डोळेही वाहायचे आणि हातही सैल व्हायचे. मेडशीत तर सोजरबाईनं हुंदके देत सगळ्यांआधी मदत केली होती.

वर्षभरानं तीच सोजरबाई दवाखान्यात दिसली. छातीतली गाठ फुटली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते.

"इतके दिवस अंगावर काहून काढलं वं मावशी?" योगिनीनं तिचा हात धरला.

"हळदीकुंकवाच्या आधीच गाठ लागली होती माय हाताले. दुसऱ्या दिवशी तपासाले जानारच होती," सोजरबाई म्हणाली. "मंग तुये हाल ऐकले, अन् पायच उचलला नाई."