पाणी ‘अ’ आणि पाणी ‘ब’

“खिळा लाल का झाला, ते आधी तू सांग,” हरिहरपंत म्हणाले.

शकूने काचेचा पेला खिडकीच्या उजेडात धरला. मंगळवारी पाण्यात सोडलेला लोखंडी खिळा आता तांबूस दिसत होता.

“गंज धरला?”

“गंजाचा रंग असा नसतो. हे तांबं आहे. पाण्यात विरघळलेलं होतं, ते खिळ्यावर येऊन बसलं. तुमच्या मास्तरांनी या पाण्यात मोरचूद टाकलेला दिसतो.”

शकूने मान डोलावली. “लिवून द्या ना. माजं अक्षर बरं नाय. मी मागून उतरून काढीन.”

हरिहरपंतांनी वही पुढे ओढली आणि लिहून दिलं.

दीड महिना ती ठाण्याला त्यांच्या नौपाड्यातल्या घरी येत होती, मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चारला. बावीस-तेवीस वर्षांची, खाडीपलीकडच्या आगरी गावातली. मिठागरात कामाला जायची. सातवी पास झालेली. आता बाहेरून एस.एस.सी.ला बसायचं होतं. रात्रशाळेचे मास्तर वहीत प्रश्न घालून देतात, सोबत पाण्याच्या दोन बाटल्या देतात, ‘अ’ आणि ‘ब’, एवढंच तिने पहिल्या दिवशी दारात उभं राहून सांगितलं होतं.

हरिहरपंतांना तेवढं पुरलं. रंगाच्या कारखान्यात त्यांनी अठरा वर्षं केमिस्ट म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. घरी ते आणि पत्नी सुहासिनीबाई, दोघंच. मूलबाळ नव्हतं.

पहिला प्रयोग मेथीचा झाला. दोन कुंड्या, सारखी माती, सारखं ऊन. ‘अ’ पाण्यावरची मेथी वीतभर वाढली. ‘ब’ची उगवली, पिवळी पडली आणि आठवड्यात जळून गेली.

मग मासे. शकूने गावच्या तळ्यातले बोटाएवढे आठ मासे डब्यात घालून आणले होते. चार एका बरणीत सोडले, चार दुसरीत. चहा होईपर्यंत ‘ब’ बरणीतले उलटे होऊन वर आले. सुहासिनीबाईंना ते बघवेना.

“हे कसले बाई अभ्यास!” त्या म्हणाल्या. मग शकूच्या हातात कप देत त्यांनी विचारलं, “लग्न झालंय ना गं तुझं?”

“झालंय.”

“मुलं?”

शकू बरणीकडे बघत राहिली. सुहासिनीबाईंनी पुन्हा विचारलं नाही. असला प्रश्न कसा लागतो, ते त्यांना ठाऊक होतं.

बुचाचा प्रश्न पदार्थविज्ञानातला होता. ओढ्याच्या वरच्या टोकाला सोडलेलं बूच विहिरीजवळ, शकूच्या भाषेत बावीजवळ, पोचायला चाळीस मिनिटं लागतात. विहिरीजवळ ओढ्याचं पाणी रोज दोन वाजून वीस मिनिटांनी निळसर होऊ लागतं. तर वरच्या टोकाला ते निळं पाणी किती वाजता सोडलं जातं?

“एक चाळीस,” हरिहरपंत म्हणाले. मग पेन्सिल थांबली; त्यांच्या कारखान्यातही टाक्या धुऊन पाणी सोडायची वेळ हीच असायची.

“चुकलं काय?” शकूने विचारलं.

“नाही. बरोबर आहे.” आणि त्यांनी उत्तर लिहिलं.

सुहासिनीबाईंच्या मनातून मात्र काहीतरी जात नव्हतं. “दीड महिन्यात एकदाही पुस्तक नाही आणलं हो तिने,” त्या म्हणाल्या. “आणि इतिहास नाही, भूगोल नाही. नुसतं पाणी.”

म्हणून हरिहरपंतांनी प्रभाकरला विचारलं. प्रभाकर त्यांचा भाचा, परीक्षेचे फॉर्म भरून घेणाऱ्या शाळेत कारकून. दोन दिवसांनी तो सांगत आला. त्या नावाचा फॉर्म आलेला नव्हता. आणि खाडीपलीकडची रात्रशाळा दिवाळीपासूनच बंद होती.

“म्हणजे खोटं बोलली,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

“शाळा बंद पडली, तरी शिकायचं सुटत नसेल तिचं,” हरिहरपंत म्हणाले. “हे प्रश्न तीच कुठून कुठून जमवत असेल. खोटं बोलावं लागलं बिचारीला. आपण तिला नीट बसवू परीक्षेला.”

त्यांनी प्रभाकरकडून कोरा फॉर्म मागवून घेतला.

शुक्रवारी शकू आली तेव्हा फॉर्म टेबलावर होता. तिने तो पाहिला नाही. वही उघडून शेवटचा प्रश्न दाखवला: वरील सर्व प्रयोगांवरून सांगा, पाणी ‘ब’ रोज पिणाऱ्या माणसांचं काय होईल?

हरिहरपंतांनी सावकाश लिहिलं. पोटात कळा, उलट्या, काविळीसारखी लक्षणं. मोठी माणसं खंगतील. लहान मुलं दगावतील. हे पाणी पिण्यास सर्वस्वी अयोग्य आहे.

“खाली सही करा, मास्तर. तारीख पण.”

त्यांनी पूर्ण नावाची सही केली. मग फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

“शकू, तुझी रात्रशाळा बंद आहे, हे मला कळलंय. लाजू नकोस. माझा राग नाही. हा फॉर्म आपण आत्ता भरू. फक्त एवढं सांग, हे प्रश्न तुला देतं कोण?”

शकूने वही मिटली. फडक्यात बांधली. उठून उभी राहिली.

“वकील,” ती म्हणाली. “‘ब’ म्हंजे आमचे बावीचं पानी हाय, मास्तर. माजी दोनी पोरं त्यानंच गेली. हे पानी पिवाला चांगलं हाय असा दाखला तुमचे रंगाचे कारखान्यानं कोर्टात लावलाय, त्याचेवर पन तुमचीच सही हाय.”