तीन दिवसांचा पाहुणा

नुआदिबूच्या किनाऱ्यावरच्या माझ्या गेस्ट हाऊसमध्ये देदाह धापा टाकत शिरला. "काका, बंदरावर भांडणात माझ्या हातून यर्बा मेला. त्याचे भाऊ मागावर आहेत."

मी त्याला चहा दिला. तेवढ्यात यर्बाचे दोघे भाऊ लोखंडी गज घेऊन आले. मी दारात आडवा झालो. "वाळवंटाचा रिवाज आहे. तीन दिवस पाहुण्याला हात लावायचा नाही."

"म्हाताऱ्या, बाजूला हो." गजाने माझा हात मोडला, पण उंबरा कुणी ओलांडला नाही.

देदाह माझ्या उशाशी बसून रडायचा. "सख्खा बापही एवढं करत नाही, काका."

चौथ्या सकाळी मी दार सताड उघडलं, धडक्या हातात सुरा घेतला.



"या पोरांनो, आता तो पाहुणा नाही. पण तुमच्या थोरल्या भावासाठी पहिला घाव मी घालणार. तुमचा तसा यर्बाचाही बाप आहे मी."